टांगत्या कुंडीतलं घरटं: हलवायचं की आपणच थांबायचं?

गच्चीवाली, सांगली
पावसाळ्याआधी घराला रंग काढायचा ठरला आणि नेमकं त्याच आठवड्यात व्हरांड्यातल्या फर्नच्या टांगत्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं. दिवसभर आमची ये-जा जिथून असते, अगदी तिथे. आता तीन अंडी आहेत, फिकट गुलाबीवर तांबूस ठिपके. रंगारी म्हणतो, "ताई, कुंडी अलगद उचलून आंब्याला टांगू, पाखराला काय कळतंय!" मी नाही म्हटलं. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं बाहेर पडायला आणखी जेमतेम दोन. रंग तेवढा थांबू शकतो. अंडी घातल्यावर घरटं हलवूच नये, असं माझं ठाम मत आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी खिडकीच्या ग्रीलवरचं होल्याचं घरटं दहा फुटांवरच्या झाडावर ठेवलं. जोडी जुन्याच जागी येऊन बसत राहिली आणि अंडी गार पडली.

तिसरा मजला, ठाणे
ताई, तुमच्याकडे अंगण आहे म्हणून हे जमतं. आमच्या गॅलरीत एसीमागे कबुतरांनी ठाण मांडलंय. एक वीण उडाली की दुसरी तयार. वडिलांना दमा आहे, आणि कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते हे डॉक्टरच सांगतात. माणसाने आपल्याच घरात श्वास कोंडून बसायचं का? मला हा आग्रह पटत नाही.

गच्चीवाली, सांगली
वडिलांची काळजी आधी, त्यात दुमत नाही. पण कबुतर वर्षभर वीण घालतं, त्याची गोष्ट वेगळी. पहिल्या चार काड्या दिसल्या की काढून टाका, जाळी लावा. तो रोखण्याचा काळ. अंडी दिसल्यावर तो काळ संपलेला असतो, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

कढीपत्ता, रत्नागिरी
मी ताईंच्या बाजूने, पण एक कडवट अनुभव आहे. आमच्या कढीपत्त्यात शिंप्याने दोन पानं शिवून घरटं केलं होतं. कापूस, कोळ्याचे धागे, काय ती शिवण! आम्ही सगळे रोज पानं बाजूला सारून बघायचो, पाहुण्यांनाही दाखवायचो. आठव्या दिवशी भारद्वाजाने पिल्लं नेली. माणसाचा हात लागला की वासाने पक्षी घरटं सोडतो म्हणतात, ते खरं नाही. पण आपल्या सततच्या वावराने घरट्याची जागा उघडी पडते आणि कावळा, भारद्वाज टपून असतात. न हलवणं पुरेसं नाही, लांबही राहायला हवं.

मातीतला, नाशिक
लांब राहून भागत नाही हो! उन्हाळ्यात टांगत्या कुंडीला चार दिवस पाणी नसलं की फर्न गेलाच. वर फर्न वाळला तर घरट्याची सावलीही जाते. मी तर कुंडीवर पुठ्ठ्याचं छप्पर करतो आणि पिल्लांना दुधात भिजवलेली पोळी देतो. मदत करायला काय हरकत आहे?

कढीपत्ता, रत्नागिरी
दूध-पोळी कृपा करून देऊ नका. बुलबुल पिल्लांना अळ्या, किडे भरवतात, त्यावरच ती वाढतात. दूध त्यांना पचत नाही. छप्परही नको, ओळखीची जागा एकदम बदलली की जोडी बिचकते. पाण्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. पक्षी उठून गेला की घरट्याच्या उलट्या कडेने वाटीभर पाणी सोडा, झारीने वरून नको.

तिसरा मजला, ठाणे
आणि घरमालकानेच उद्या घरटं खाली करा म्हटलं तर? भाड्याच्या घरात आपलं किती चालतं?

गच्चीवाली, सांगली
मग त्यांना कायदा दाखवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना उपद्रव देणं येतं. बंदूक लागत नाही त्याला.

रंगाऱ्याशी बोलले. तो मागच्या खोल्यांपासून सुरुवात करतोय, व्हरांडा शेवटी. घासकामाची धूळ येऊ नये म्हणून मधलं दार बंद ठेवलंय आणि आम्ही स्वयंपाकघरातून ये-जा करतो. सासूबाई कुरकुरल्या, पण आज सकाळी त्यांनीच दूधवाल्याला मागच्या दाराने यायला सांगितलं.