मागच्या वर्षी बनलेली नवी कोरी गाडी घ्यावी का? तुमचे अनुभव सांगा

वर्ष बदललं की उरलेल्या स्टॉकवर डिस्काउंट सुरू होतो. गाडी नवीच, पहिले मालक आपणच, फक्त बनलेली मागच्या वर्षी. मी सध्या याच पेचात आहे, दोन्ही बघून आलेय, मॉडेल तेच, रंगही तोच, आणि झोपताना डोक्यात तेच आकडे फिरतात. ज्यांनी घेतली किंवा घ्यायची टाळली त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. नुसतं घे किंवा नको असं नको, काय तपासलं आणि पुढे काय झालं ते हवंय.

*

मी घेतली, आता आठवं वर्ष चालू आहे आणि जराही पस्तावलो नाही. मला गाडी मोडेपर्यंत वापरायची सवय आहे, दहा वर्षांनी विकताना एका वर्षाच्या फरकाने असं काय बिघडणार? डिस्काउंट मात्र त्याच दिवशी हातात पडला. वॉरंटी कधीपासून मोजणार ते आधी विचारून घेतलं, ती विक्रीच्या तारखेपासून होती.

*

माझं उलटं झालं. तीन वर्षांत बदली झाली, गाडी विकायला काढली, आणि येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारायचा, मेक कधीचं? मी आपली कधी घेतली ते सांगत बसले, पण भाव बनलेल्या वर्षावरच ठरला. तेव्हा जे वाचवलं होतं ते जवळजवळ सगळं तिथेच गेलं. लवकर विकायची शक्यता असेल तर डिस्काउंट भरपूर मोठा असल्याशिवाय हो म्हणू नका.

*

गाडी कुठे आणि किती महिने उभी होती हे कुणी विचारत नाही, खरी मेख तिथेच आहे. माझी उघड्या यार्डात सात-आठ महिने उभी होती, मला सांगितलं दोन. तिसऱ्या आठवड्यात सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टकटकटक, बॅटरी झोपलेली. बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते आणि बराच काळ उतरलेली राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्ज करा पहिल्यासारखी होत नाही. भांडून बदलून घेतली. नंतर चाकाशी बसून टायर बघितले, कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३५२४ असेल तर २०२४ चा पस्तिसावा आठवडा. चारही टायर माझ्या समजुतीपेक्षा बरेच जुने निघाले. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर होता तो चार दिवसांत घासून गेला, त्याची काळजी नाही. पण एकाच जागी उभं राहून टायर बसले असतील तर स्टिअरिंगला थरथर जाणवते, म्हणून टेस्ट ड्राइव्ह डेमो गाडीची नाही, तुम्हाला मिळणार त्याच गाडीची घ्या. पैसे भरायच्या आधी. मी नंतर घेतली.

*

बऱ्याच कंपन्यांच्या सतरा अक्षरी चासी नंबरात दहावं अक्षर मॉडेल इयरचं असतं, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५. पण मॉडेल इयर आणि बनल्याचा महिना एकच असेल असं नाही, तो वेगळा बघा. मीटरही बघा, शंभरच्या वर किलोमीटर दिसले तर का ते विचारा, डेमोला फिरवलेली असू शकते.

*

आम्ही नव्या वर्षाचीच घेतली, कारण मधे फेसलिफ्ट, म्हणजे त्याच मॉडेलची थोडी बदललेली आवृत्ती, आला होता. नुसता बंपर बदलला असता तर जुनी घेतली असती, पण नव्यात बाजूच्या एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटला होत्या आणि जुन्यात फक्त वरच्या व्हेरिएंटला. मागे दोन मुलं बसतात, मला पुढे हिशोबच करावासा वाटला नाही. दोन्ही ब्रोशर शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा, सेल्समन टचस्क्रीनबद्दलच बोलत राहतो.

*

मी महिनाभरापूर्वीच घेतली, जुन्या वर्षाची. डिस्काउंट आणखी वाढवायला तयार नव्हते, म्हणून नवी बॅटरी आणि पहिल्या सर्व्हिसचं ऑइल फुकट असं बिलावर लिहून घेतलं. तोंडी कबूल केलेलं एक्स्टेंडेड वॉरंटीचं प्रकरण अजून लटकलंय, उद्या परत जाणार आहे, काय होतं ते कळवते.