मदत हवी आहे: 'विनिंग टाइम' संपली, पुढचे लेकर्स कुठे पाहू?

लेकर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघावरची एचबीओची नाट्यमालिका 'विनिंग टाइम' दोन्ही सीझन, सतराही भाग पाहून झाली. मालिका गुंडाळली नेमकी 1984 च्या फायनलमध्ये प्रतिस्पर्धी सेल्टिक्स संघाकडून हरल्यावर! पुढच्या विजेतेपदांची बोळवण पडद्यावरच्या चार ओळींत. विकिपीडिया वाचलाय, त्यामुळे 1985, 87, 88 चे निकाल माहीत आहेत. स्पॉयलरची भीती नको.

मालिकेत लेकर्सचा माजी खेळाडू आणि प्रशिक्षक जेरी वेस्ट रागाने ट्रॉफी खिडकीबाहेर भिरकावतो ते पाहून हसलो, पण खुद्द वेस्टने या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला होता. म्हणून आता नाट्य नको, खऱ्या फुटेजची डॉक्युमेंटरी हवी. बास्केटबॉलचं ज्ञान बेताचं, सबटायटल्स लागतातच. मॅजिक जॉन्सन आणि करीम अब्दुल-जब्बार या लेकर्सच्या दोन्ही स्टार खेळाडूंना न्याय देणारी, भारतात अधिकृतपणे दिसणारी कोणती?