अनुभव धागा : सिनेमावरून वाजतं कुठे?

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, वाचनालयात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सिनेमाच्या गप्पा चालवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी. किस्से नकोत. चर्चा कशाने टिकते, कशाने बोंबलते, एवढंच लिहा.

नौपाडा
सिनेमा संपल्या संपल्या "कसा वाटला?" विचारू नका. पहिलाच गडी "भंगार!" म्हणाला की ज्यांना आवडला ते गप्प बसतात आणि मग खाली पार्किंगमध्ये बोलतात. आधी चहा. तेवढ्यात प्रत्येकाने चिठ्ठीवर लक्षात राहिलेला एकच प्रसंग लिहायचा, नाव नाही. चिठ्ठ्या वाचून सुरुवात करा. पहिल्या फेरीत प्रत्येकी 2 मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. 20 जणांना 40 मिनिटं लागतात. त्याहून जास्त माणसं असली तर दोन घोळके. मोबाईलचा टायमर मध्यभागी ठेवा. माणसाने थांबवलं की राग येतो, घंटीचा येत नाही.

नेरूळ
चिठ्ठ्या ठीक, पण खरी गोम वाक्यात असते. 'सैराट'च्या (2016) शेवटी आवाज जातो, हे पडद्यावरचं. "त्याने अंगावर काटा आला" हा ज्याचा त्याचा परिणाम. "उगाच धक्का द्यायला केलंय" हा दिग्दर्शकाच्या मनातला हेतू आपणच ठरवणं. पहिल्यावर वाद झाला तर प्रसंग पुन्हा लावा, मिटतो. म्हणून त्या जागेचं मिनिट-सेकंद टिपून ठेवावं. दुसऱ्यावर मिटवायचं काही नसतंच. पेटतं तिसऱ्यावर. तिथे "कशावरून?" एवढंच विचारायचं, तेही शांतपणे. आणि "ज्यांना आवडला त्यांना सिनेमा कळत नाही" हे वाक्य सिनेमाबद्दल नसतंच, ते समोरच्याबद्दल असतं. चालवणाऱ्याने तिथेच अडवावं.

घणसोली
नेरूळकर, शेवट सांगून मोकळे झालात की! 2016 चा आहे म्हणून माफ.
ग्रुपवर शेवटाबद्दल लिहिताना नुसत्या रिकाम्या ओळी सोडून भागत नाही, पहिल्या ओळी नोटिफिकेशनमध्ये दिसतात. पहिल्या ओळीत फक्त सिनेमाचं नाव आणि "शेवट आहे" लिहा, मजकूर दुसऱ्या मेसेजात नको, त्याच मेसेजात बराच खाली. उत्तर देताना मूळ मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच द्या. नाहीतर चार मेसेज मध्ये घुसतात आणि टोमणा भलत्यालाच लागतो. आवडला-नावडला याचा पोल टाळा. कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं, मग लोक वाऱ्याची दिशा बघून बोट लावतात.

कोपरी
टायमर मला शाळेसारखा वाटतो. दहाजणांत तरी नको.
त्यापेक्षा आधी विचारा : कुठे पाहिलात, कुठल्या भाषेत? एकाने थिएटरात पाहिलेला असतो, दुसऱ्याने लोकलमध्ये मोबाईलवर, ब्राइटनेस कमी करून. रात्रीचे प्रसंग त्याला दिसलेलेच नसतात. डबिंगमध्ये बोलीचा लहेजा जातो, मग "नट सपाट बोलतो" ही तक्रार येते. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

खारघर
ट्रान्स-हार्बरने (ठाणे-नवी मुंबई लोकलने) परतणारी मंडळी आधी उठतात. त्यांची पाळी पहिल्या फेरीतच सुरुवातीला लावा.