जर्मनीचा बी १ : आखेनहून निघालेला आकडा एस्सेनला कुठे जातो?

जुळे_सोलापूर : बी १ हा जर्मन महामार्ग आखेनपासून नकाशावर धरत गेलं, तर एस्सेनजवळ आकडाच गायब होतो आणि डॉर्टमुंडला परत दिसतो. आपल्या राष्ट्रीय महामार्ग ९ चा ६५ झाला तसं काही आहे का? भाड्याच्या गाडीने बर्लिनपर्यंत हाच रस्ता कसा धरायचा?

बाळे_नाका : उलटं आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्ता जागेवरच राहिला, २०१० च्या फेरबदलात फक्त आकडा बदलला. तिकडे आकडा १९३० च्या दशकातलाच, रस्त्याचे तुकडे मात्र दुसरीकडे गेले. एस्सेन-बोखुमचा पट्टा ए ४० ऑटोबान (द्रुतगती मार्ग) झाला. तो डॉर्टमुंडच्या पश्चिमेला संपतो आणि शहरातून पुन्हा बी १ लागतो. खरी गफलत शहराच्या पूर्वेला होते: नाकासमोर जात राहिलात तर थेट ए ४४ वर चढता. तिथे उन्नाची पाटी बघून बाहेर पडा. पुढे वेर्ल, झोस्ट, पाडेरबोर्न. हा मध्ययुगातला हेलवेग व्यापारी मार्ग, तो चुकवू नका.

अक्कलकोट_रोड : तिथून हामेल्न, हिल्डेसहाइम, ब्राउनश्वाइग, हेल्मश्टेट, माग्देबुर्ग, पोट्सडाम, बर्लिन. १९३४ पासून हा राइशश्ट्रासे (तेव्हाचा राष्ट्रीय रस्ता) १ होता आणि थेट पूर्व प्रशियात क्योनिग्सबेर्गच्याही (आताचं रशियातलं कालिनिनग्राड) पुढे जायचा. आता पोलंडच्या सीमेवर, ओडर नदीवर क्युस्ट्रिन-कीट्सला संपतो. जर्मनीच्या फाळणीच्या काळात पश्चिम जर्मनीत बी १, पूर्व जर्मनीत एफ १. पोट्सडाम-बर्लिनमधला ग्लीनिके पूल याच रस्त्यावर आहे. १९६२ मध्ये अमेरिकी हेरविमानाचा वैमानिक पॉवर्स आणि सोव्हिएत हेर आबेल यांची अदलाबदल तिथेच झाली. गाडी अलीकडे लावून पूल पायी ओलांडा, गाडीतून तो क्षणात सरतो.

जुळे_सोलापूर : उन्नाचं लक्षात ठेवतो. वेगमर्यादा आणि मॅपचं काय?

बाळे_नाका : पिवळ्या पाटीवर काळा आकडा म्हणजे बी, निळ्यावर पांढरा म्हणजे ऑटोबान. मॅपमध्ये 'महामार्ग टाळा' चालू ठेवा, नाहीतर तो दर वेळी ऑटोबानवर ढकलतो. वस्तीबाहेर १००, वस्तीत ५०. पण ५० ची वेगळी पाटी बहुधा नसते. गावाच्या नावाची पिवळी पाटी हीच मर्यादा, ती ओलांडण्याआधीच वेग उतरवा. त्याच नावावर लाल तिरकी रेघ दिसली की गाव संपलं. पिवळा चौकोन टोकावर उभा असेल तर आपला रस्ता मुख्य. चौकात काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. कारला टोल नाही. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच आरटीओतून काढा आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा.