महिन्याला ३०० डॉलर मानधन आणि वर्षाला २५ हजारांचा विमा: नगरसेवकांना तो द्यावा का?

हिशोबतपासणीस

अमेरिकेतला हा वाद जुना आहे, पण कॅलिफोर्नियात तो आकड्यांत नेमका दिसतो, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो.

राज्याच्या सर्वसाधारण कायद्याखाली चालणाऱ्या शहरांत नगरसेवकाच्या मानधनाला लोकसंख्येनुसार मर्यादा आहे. ३५ हजारांपर्यंत वस्तीच्या शहरात २०२३ अखेरपर्यंत मूळ मर्यादा महिन्याला ३०० डॉलर होती. स्वतंत्र अध्यादेश (शहराचा स्थानिक कायदा) काढून वर्षाला ५ टक्क्यांपर्यंत वाढ करता यायची, एवढंच. १ जानेवारी २०२४ पासून ही मर्यादा ९५० झाली. अडीच लाखांवरच्या शहरांना १,००० च्या जागी ३,२०० मिळाले.

मेख पुढं आहे. त्याच कलमात म्हटलंय की निवृत्तिलाभ आणि आरोग्य विम्यावर शहर जे खर्च करेल ते मानधनात धरायचं नाही. अट एकच, तेच लाभ शहराच्या कर्मचाऱ्यांनाही मिळत असावेत.

आता हिशोब करा. नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा देशभरातला सरासरी वार्षिक हप्ता २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता. त्यातले कर्मचाऱ्याच्या खिशातून ६,२९६, बाकीचे १९,२७६ मालकाचे. म्हणजे जुन्या मर्यादेत वर्षाचं मानधन ३,६०० आणि विम्यापोटी शहराचा खर्च त्याच्या पाचपटीहून जास्त. शिवाय विम्याच्या रकमेवर आयकर नाही, मानधनावर आहे. लोकांनी कायद्यानं ज्याला लगाम घातला तो भाग किरकोळ आणि ज्याला घातला नाही तो भलामोठा. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक छोट्या शहरांत महिन्याला दोन बैठका होतात, तेवढ्या अर्धवेळ पदासाठी कौटुंबिक विमा देऊ नये.

दारउघडं

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही.

अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला असतो. पूर्णवेळ नोकरी करणारी परिचारिका किंवा वेल्डर नगरसेवक व्हायचं म्हणून कामाचे तास कमी करतो, आणि आठवड्याला ३० तासांच्या खाली गेला की मालकावर विमा देऊ करण्याचं कायदेशीर बंधन उरत नाही. घरात मधुमेही मूल असेल तर तो माणूस उमेदवारी अर्जच भरणार नाही. मग उभं कोण राहतं? पासष्टी ओलांडून मेडिकेअरवर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर) असलेले, जोडीदाराच्या नोकरीतून विमा असलेले, किंवा ज्यांना हप्त्याची फिकीर नाही असे. भाडेकरूंचे, पाळीत काम करणाऱ्यांचे प्रश्न ज्या सभागृहात ठरतात तिथं भाडेकरू आणि पाळीवाला नसतोच.

३०० डॉलरची मर्यादा १९८४ नंतर जवळजवळ चार दशकं जागची हलली नाही. ती परिस्थिती होती म्हणून शहरांनी विम्याचा रस्ता धरला. बैठका दोन म्हणता, पण एकेका बैठकीची विषयपत्रिका जोडपत्रांसह शेकडो पानांची असते. ती वाचायला वेळ लागतो, आणि वाचली नाही तर शहर कंत्राटदाराच्या आणि मुख्याधिकाऱ्याच्या हाती जातं.

तीसतास

दारउघडं यांनी ३० तासांचा उल्लेख केला, तोच धागा पकडतो, कारण अन्यायही तिथंच आहे.

आरोग्य सुधारणा कायद्यानुसार ५० किंवा जास्त पूर्णवेळ-समतुल्य (अर्धवेळांचे तास मिळवून मोजलेले) कर्मचारी असलेल्या मालकानं आठवड्याला सरासरी ३० किंवा महिन्याला १३० तास काम करणाऱ्याला विमा देऊ करायचा, नाहीतर दंडाची जोखीम घ्यायची. शहरंही यातून सुटलेली नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी अर्धवेळ लोकांची हजेरीपत्रकं डोळ्यांत तेल घालून पाहिली जातात. शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई, ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावणारा, तरणतलावावरचा जीवरक्षक. यांचे तास २८-२९ वर पोचले की पुढच्या आठवड्याची पाळी कापली जाते.

त्याच इमारतीत, त्याच पैशातून, ज्याच्या तासांची नोंदच होत नाही अशा अर्धवेळ माणसाला पूर्ण कुटुंबाचा विमा. 'तेच लाभ कर्मचाऱ्यांनाही' ही अट व्यवहारात 'पूर्णवेळ कर्मचाऱ्यांनाही' अशी वाचली जाते. अर्धवेळ पद आहे ना, मग तुलना अर्धवेळ कर्मचाऱ्याशी करा.

कलमकसाई

तीसतास यांच्या मुद्द्यात भर घालतो. तुलनेचं माप कायद्यानंच सैल ठेवलंय. कॅलिफोर्नियाच्या शासन संहितेतलं कलम ५३२०८.५ म्हणतं, सदस्यांचे लाभ पोलीस-अग्निशमन वगळता इतर कर्मचाऱ्यांच्या कुठल्याही वर्गाला मिळणाऱ्या सर्वांत उदार लाभांपेक्षा जास्त नसावेत. सर्वांत उदार वर्ग म्हणजे साधारणपणे वरिष्ठ अधिकारी. म्हणजे वरची मर्यादा आहे, पण ती छताला टेकलेली.

आणि हे ठरतं कसं ते बघा. मानधन वाढवायला अध्यादेश लागतो, तो वाचला जातो, वर्तमानपत्रात येतो, आणि वाढ लागू होते ती किमान एका सदस्याची नवी मुदत सुरू झाल्यावरच. विम्याचे लाभ मात्र अनेक शहरांत साध्या ठरावानं अधिकाऱ्यांच्या लाभांना जोडलेले असतात. एकदा जोडले की नगरसेवकांनी स्वतःसाठी हात वर करायची गरजच नाही. अधिकाऱ्यांचं नवं वेतनपत्रक संमती सूचीत येतं, दहा-बारा विषयांबरोबर एका मतात चर्चेविना मंजूर होतं, आणि नगरसेवकांचा विमाही आपोआप वाढतो. विषयाच्या शीर्षकात 'नगर परिषद' हा शब्दही नसतो.

हितसंबंधांच्या कायद्यात हे सापडत नाही, कारण सरकारी संस्थेकडून मिळणारं वेतन आणि लाभ त्या नियमांतून बव्हंशी वगळलेत. त्यामुळे 'बेकायदा आहे का' विचारलं तर उत्तर नाही असं येतं आणि चर्चा तिथंच बंद पडते.

संसदेसाठी अमेरिकेनं हा प्रश्न २७ व्या घटनादुरुस्तीनं सोडवला. स्वतःचं वेतन बदलायचं असेल तर मध्ये निवडणूक व्हावी लागते. १७८९ मध्ये मांडलेली ही दुरुस्ती १९९२ मध्ये संमत झाली, पण ती फक्त संसदेला बांधते. शहरांनी विम्यालाही हाच नियम लावावा: वेगळा ठराव, वेगळं मतदान, अंमल पुढच्या निवडणुकीनंतर. एवढं केलं तर विमा द्यायला माझा विरोध नाही.

हिशोबतपासणीस

कलमकसाई यांची सूचना मान्य. पण एक प्रकार कुठल्याही प्रक्रियेनं शुद्ध होणार नाही: विम्याऐवजी रोख. जोडीदाराकडून आधीच विमा असलेला सदस्य शहराचा विमा नाकारतो आणि त्याबदल्यात दरमहा रक्कम उचलतो. आरोग्याच्या नावाखाली हे सरळ मानधन आहे, आणि मानधनाच्या मर्यादेला दिलेली बगल.

तांत्रिक फजितीही होते. रोख की विमा अशी निवड द्यायची तर आयकर कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे लेखी योजना लागते. ती नसताना नुसता पर्याय दिला, तर ज्यांनी विमा घेतला त्यांच्याही डोक्यावर, रोख घेता आली असती एवढ्या कारणानं, कर बसू शकतो. नगरसेवकांसाठी घाईनं केलेली सोय सगळ्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात येते.

दारउघडं

रोख रकमेबद्दल पूर्ण सहमत. ज्याला विम्याची गरज नाही त्याला त्याबदल्यात पैसे देण्याचं समर्थन माझ्या युक्तिवादात कुठंच बसत नाही.

वयपासष्ट

मूळ खर्चाची एक बाजू कुणी मांडली नाही. अनेक छोट्या शहरांत नगरसेवक निवृत्त असतात. त्यांच्याकडं मेडिकेअर असतंच, मग शहराला काय भार, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं.

मालकाकडं २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर काम करणाऱ्या पासष्टीपुढच्या माणसाच्या बाबतीत आधी मालकाचा विमा पैसे भरतो, मेडिकेअर नंतर. म्हणजे कालपर्यंत ज्यांचं गुडघेरोपण मेडिकेअरनं केलं असतं, ते नगरसेवक होऊन शहराच्या योजनेत आले की बिल आधी शहराच्या विम्यावर येतं. शंभरेक माणसांच्या गटात अशा दोन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि गटाचा दर त्यांच्या दाव्यांवर ठरत असेल, तर पुढच्या वर्षीचा हप्ता सगळ्यांचाच वाढतो.

यावर काही अधिकारी सुचवतात, 'तुम्ही मेडिकेअरवरच राहा, त्याचा हप्ता शहर भरेल.' हे करू नका! अशा मालकानं पासष्टीपुढच्या कर्मचाऱ्याला गटविमा सोडण्यासाठी आमिष दाखवायला संघीय कायद्यानं मनाई आहे, दंड होतो. २० हून कमी कर्मचारी असतील तर क्रम बदलतो, मेडिकेअर आधी. त्यामुळं शहराचा आकार न विचारता या विषयावर सल्ला देणं धोक्याचं.

तीसतास

म्हणजे ज्यांच्यासाठी दार उघडायचं म्हणता ते परिचारिका आणि वेल्डर बाजूलाच राहिले. लाभ घेतात ते आधीच विमा असलेले.

दारउघडं

काही ठिकाणी तसं होतं, नाकारत नाही. पण विमा काढून घेतला तर तो निवृत्त माणूस मेडिकेअरवर सुखात राहतो आणि ४० वर्षांची परिचारिका घरी बसते. फटका तिलाच बसतो.

तुम्ही दिलेल्या उदाहरणातल्या रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंना विमा मिळत नाही, हे चूक आहे. ती चूक सुधारायची म्हणजे त्यांना विमा द्यायचा. दुसऱ्याचा काढल्यानं त्यांच्या घरात औषध येत नाही.

तीसतास

येत नाही, पण निर्णय घेणाऱ्याला झळ लागते, आणि झळ लागली की प्रश्न विषयपत्रिकेवर येतो. संसदेबाबत हाच विचार झाला होता. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यात तरतूद आली की खासदारांनी आणि त्यांच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी सरकारच्या वतीनं मिळणारा विमा त्या कायद्यानं उभ्या केलेल्या विमा बाजारातूनच घ्यायचा. २०१४ पासून तसं सुरू झालं. सरकारचा वाटा चालू राहिला, तो बंद करा असं मीही म्हणत नाही. पण पंगत एक झाली. शहरातही एकच पंगत हवी: अर्धवेळ कर्मचाऱ्याला जे ताट, तेच अर्धवेळ नगरसेवकाला.

मधलीवाट

टोकाच्या दोन भूमिकांमध्ये करण्यासारखं बरंच आहे. शहरानं फक्त सदस्याचा स्वतःचा हप्ता भरावा, कुटुंबाला गटाच्या दरानं पण स्वखर्चानं घेऊ द्यावं. २०२४ मध्ये एकट्याच्या विम्याचा सरासरी हप्ता ८,९५१ डॉलर होता. म्हणजे एकूण खर्च जवळजवळ एक तृतीयांश.

मात्र 'आम्ही विमा देऊ करतो, पैसे तुमचे तुम्ही भरा' असं म्हणताना जपून. नुसता देकारही निरुपद्रवी नसतो. नोकरीतून 'परवडणारा' विमा मिळत असेल तर त्या सरकारी विमा बाजारातून विमा घेताना मिळणारं अनुदान बंद होतं. २०२५ साठी 'परवडणारा' म्हणजे एकट्याच्या हप्त्यातला सदस्याचा वाटा कौटुंबिक उत्पन्नाच्या ९.०२ टक्क्यांच्या आत. २०२६ साठी ही रेषा ९.९६ वर गेली. ज्या कमी उत्पन्नाच्या सदस्याला मदत करायची, त्याचंच अनुदान शहराच्या अर्धवट देकारानं जाऊ शकतं. २०२३ पासून कुटुंबाचा निकष वेगळा, कुटुंबाच्या हप्त्यावर तपासतात, त्यामुळे बायकामुलांचं अनुदान आता त्यात सहसा अडकत नाही.

कलमकसाई

आणि मुदत संपल्यावरचं? कॅलिफोर्नियानं ते बऱ्यापैकी बंद केलंय. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या मुदतीसाठी जे पहिल्यांदा निवडून आले, त्यांना पद गेल्यावर शहराचा विमा चालू ठेवायचा तर स्वखर्चानं. एरवी १९८६ च्या संघीय कायद्याप्रमाणे १८ महिन्यांपर्यंत, पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत स्वतः भरून. हरलेल्या माणसाला नवी सोय बघायला एवढी मुदत पुरे. ज्या राज्यांत असं बंधन नाही तिथं आधी हे मागा. दोन बैठकांचं पद आणि आजन्म विमा ही जोडी कुठल्याच तत्त्वात बसत नाही.

हिशोबतपासणीस

मधलीवाट यांच्या 'फक्त स्वतःपुरता' या सूचनेवर मी येऊ शकतो. तरी माझी पहिली पसंती वेगळी आहे: विमा नको, मानधन उघडपणे वाढवा. ९५० ही सुरुवात आहे. लोकांना आकडा दिसू दे, पटला नाही तर मत देणार नाहीत.

दारउघडं

उघड मानधनाचं काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या बेल शहरानं दाखवलं. वस्ती चाळीस हजारांच्या आत. २००५ च्या विशेष निवडणुकीत चारशेपेक्षा कमी मतं पडली आणि शहरानं स्वतःची सनद (शहराची स्वतंत्र घटना) घेतली, त्यामुळं राज्याची मानधन-मर्यादा लागू राहिली नाही. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सनं बाहेर काढलं तेव्हा अर्धवेळ नगरसेवक वर्षाला जवळपास एक लाख डॉलर घेत होते, बहुतांश अशा मंडळांचे सदस्य म्हणून ज्यांच्या बैठका काही मिनिटांत उरकायच्या. पैसा कुठल्या नावानं जातो याला फार महत्त्व देऊ नका. कुणी बघतंय का, याला द्या.

कलमकसाई

बघायची सोय त्यानंतरच झाली. राज्याच्या नियंत्रकाच्या संकेतस्थळावर शहरवार, पदवार वेतन दिसतं आणि निवृत्ती-आरोग्यावर शहरानं भरलेली रक्कम वेगळ्या रकान्यात दिसते. ज्याला तपासायचंय त्यानं आधी 'नगर परिषद सदस्य' हे पद शोधावं, मग तो रकाना मानधनाच्या रकान्याशेजारी ठेवावा. पाचही सदस्यांचे आकडे सारखे नसतील तर कुणी कुटुंबाचा विमा घेतलाय, कुणी एकट्याचा, कुणी काहीच नाही, याचा अंदाज लागतो. रोख रक्कम मात्र वेतनात मिसळलेली असते. मानधन कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त दिसलं तर शहराच्या सचिवाकडं त्या फरकाचा ठराव मागा.

तीसतास

आणि त्याच यादीत अर्धवेळ ग्रंथालय साहाय्यकाची ओळही काढा. त्याच रकान्यात तिथं किती लिहिलंय ते बघा.