मदत हवी आहे: इंदूरमध्ये सीईए आणि ट्यूमर डीएनएचा नमुना नीट कुठे घेतात?

इंदूरच्या मंडळींनो, विशेषतः लॅबवाल्यांनो, दोन गोष्टी हव्या आहेत.

पेशंट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा, ऑपरेशन झालेलं, दर तीन महिन्यांनी सीईए (कॅन्सर परततोय का यावर नजर ठेवायची रक्ततपासणी). रिपोर्टवर मशीन आणि पद्धत छापणारी लॅब पलासिया किंवा राजवाड्याच्या बाजूला कोणती? एका मशीनवरचे ३.८ आणि दुसऱ्यावरचे ५.२ शेजारी ठेवून ‘वाढलं’ म्हणता येत नाही. शिवाय केसांसाठी जास्त डोसचं बायोटिन चालू असेल तर काही मशीनवर सीईए खोटाच कमी दिसतो. गोळ्या दोन-तीन दिवस आधी बंद लागतात, पण काउंटरवर विचारतं कोण?

खरी अडचण दुसरी. रक्तातल्या ट्यूमर डीएनएचा (कॅन्सरच्या गाठीतून रक्तात उतरलेल्या डीएनएचा) नमुना बाहेरगावी पाठवायचा आहे. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घेतला तर काही तासांतच, सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवून, प्लाझ्मा (रक्ताचा पेशींविना द्रव भाग) वेगळा करावा लागतो. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि ट्यूमरचा आधीच जेमतेम असलेला अंश त्यात हरवतो. पेशी टिकवणाऱ्या खास १० मिलीच्या नळीत ही घाई नसते. मात्र ती पूर्ण भरायची, लगेच हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची आणि बर्फावर अजिबात ठेवायची नाही. घरी येणारी पोरं सवयीने आइसपॅकवरच ठेवतात!

अशी नळी इथे कोण ठेवतं? मे महिन्याच्या उन्हात नमुना तापणार नाही असं पॅकिंग कोण करून देतं? ‘एका थेंबात सगळे कॅन्सर’वाली पॅकेजं कृपया सुचवू नका, निदान झालेलं आहे.