बागेत कारंजं नको, आधी नळाला पाणी द्या: हे महापालिकेला कसं पटवायचं?

पाणंद:
आमच्या प्रभागातली बाग एकरभराचीही नाही. शहराचं नाव लिहीत नाही, उगाच तिथल्या माळ्यांवर राग निघायचा. बागेच्या ‘सुशोभीकरणा’ला निधी मंजूर झालाय म्हणे. रंगीत कारंजं, नवी कमान, ओपन जिमची आणखी यंत्रं. आत्ता स्वच्छतागृहाला कुलूप आहे, पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी, घसरगुंडीचा पत्रा खालच्या टोकाला उचकटलेला आणि जुन्या जिमची दोनच यंत्रं धड. वर सकाळी ज्येष्ठांचा प्राणायाम आणि झुंबावाल्यांचा स्पीकर एकाच कोपऱ्यात. आम्ही काही जण निवेदन देणार आहोत. लिहायचं काय आणि द्यायचं कुणाला?

कडूनिंब:
कारंज्याच्या उद्घाटनाला फ्लेक्स लागतो. नळाच्या तोटीला कोण फ्लेक्स लावणार? तुमचं चालू द्या.

निवृत्त_मिस्त्री:
मी उद्यान विभागात मिस्त्री म्हणून लागलो आणि निरीक्षक होऊन निवृत्त झालो. शहर दुसरं, पण कारभार सगळीकडे सारखाच.

‘कारंजं रद्द करून तो पैसा माळी नेमायला द्या’ असं चुकूनही लिहू नका. कारंजं भांडवली खर्चातून होतं, म्हणजे नवं काही बांधायच्या पैशातून; माळ्याचा पगार महसुली खर्चातून, म्हणजे रोजचा कारभार चालवायच्या. साहेब एका ओळीत ‘तरतूद नाही’ लिहून फाइल परत पाठवतील आणि नियमाने ते बरोबरही असेल. त्यापेक्षा त्याच भांडवली पैशात बसेल ते मागा: स्वच्छतागृहाची नवी पाइपलाइन, जमिनीखालची टाकी, पंप, मुलांच्या कोपऱ्यात खेळण्यांखाली वाळूचा जाड थर. त्याआधी माहिती अधिकारात अर्ज करून कामाचं अंदाजपत्रक मिळवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. त्यात बाबवार आकडे असतात. कोणती बाब काढून कोणती घालायची ते नेमकं लिहा. पण हे सगळं ठेकेदाराला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश, मिळण्याआधी. आदेश निघाला की बदलाला वरपर्यंत मान्यता लागते आणि कुणी ती कटकट अंगावर घेत नाही.

कारंज्याचं सांगतो. मी जेवढी पाहिली त्यातली बहुतेक पहिल्या पावसाळ्यापर्यंत रंगीत होती. मग मोटर जळते, दिव्यांत पाणी शिरतं, वीजबिल कुणी भरायचं यावर पत्रव्यवहार सुरू होतो. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो म्हणून आरोग्य विभाग आपल्यालाच नोटीस धाडतो. आमच्याकडच्या एका हौदात शेवटी माती भरून शेवंती लावली. छान आली, खोटं कशाला बोलू.

आता जुनी जिम. त्या कामाला दोष दायित्व कालावधी असतो. तेवढ्या मुदतीत बेअरिंग गेलं, वेल्डिंग तुटलं तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचं, नाहीतर त्याची सुरक्षा ठेव अडकते. पण लेखी तक्रार नसेल तर मुदत संपताच ठेव गुपचूप परत जाते आणि मोडकी यंत्रं तुमच्या गळ्यात. काम कधी पूर्ण झालं, मुदत किती, हे त्याच अर्जात विचारून घ्या. नव्या निविदेत तीन वर्षांची देखभाल धरा असंही लिहा. हे एक वाक्य घातलंत तरी माझ्या दृष्टीने निम्मं काम झालं.

कमानीसाठी एखादं झाड आडवं येत असेल तर 1975 च्या राज्याच्या वृक्ष कायद्यानुसार आधी परवानगी लागते. तोडायलाच नव्हे, फांद्या उतरवायलाही. आणि पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवू देऊ नका. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तो दाखला जोडा, अभियंता लोक आदेशाचा कागद पाहिला की जरा थांबतात.

हिरवळीचा आग्रह धरू नका. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान पाहून आलेल्या प्रत्येकाला तसला गालिचा हवा असतो. ती जपानच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली दहा एकरांची, तिकीट असलेली बाग. तिथे गवतावर पाय ठेवू देत नाहीत. तुमच्याकडे पोरं क्रिकेट खेळणार. त्यांना सावली आणि दाबलेली माती पुरे.

निवेदन आयुक्तांच्या नावाने, प्रत उद्यान अधीक्षक आणि क्षेत्रीय कार्यालयाला. आवक क्रमांक, म्हणजे अर्ज मिळाल्याची नोंद, घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सहकारनगरची:
मिस्त्रीकाका, हे कुणीतरी छापून वाटायला हवं!

पुण्यात 2006 पासून पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेतात. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. बाक, पायवाट, दिवे असली पाच लाखांच्या आतली कामं त्यात बसतात. तुमच्याकडे अशी सोय आहे का ते विचारा. नसेल तर निवेदनात तीच मागणी घाला.

स्पीकरचं म्हणाल, तर ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल आहे आणि लाउडस्पीकरला परवानगी लागते. पण तक्रार केलीत तर झुंबावाल्या बायका बागेतच येणं सोडतील, आणि भल्या सकाळी त्या असतात म्हणूनच बाग सुरक्षित वाटते. आमच्याकडे वेळा वाटून घेतल्या. सकाळी सात वाजेपर्यंत स्पीकर बंद, नंतर त्यांचा. वेळापत्रकावर दोन्ही गटांच्या सह्या आहेत. बागेत कार्यक्रम चालवायला निधी लागतोच असं नाही हो. 1995 मध्ये डॉ. मदन कटारियांनी मुंबईत हास्यक्लब सुरू केला तो लोखंडवालाच्या बागेत, पाच माणसांना घेऊन.

पाणंद:
अर्ज उद्याच टाकतो. घसरगुंडीचा पत्रा निवेदनात पहिल्या क्रमांकावर घेऊ का?

निवृत्त_मिस्त्री:
निवेदनात घेऊच नका! निवेदन महिनाभर टेबलांवरून फिरतं, पोराची पोटरी आजच कापेल. फोटो काढून तक्रार ॲपवर वेगळी टाका, टोकन क्रमांक निवेदनाला जोडा. आणि दुरुस्ती होईपर्यंत शिडीला आडवी फळी बांधायला तिथल्या माळ्याला सांगा. सुतळी त्याच्याकडे असते.